बोरीबंदरची भट्टी

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावात जानेवारीत दुपार सरली की लगेच अंधार होतो. तुम्ही पेन स्टेट विद्यापीठाच्या स्टाइडल इमारतीत एका छोट्या भट्टीसमोर बसला आहात. इंजिनिअरिंग करून सातासमुद्रापलीकडे येऊन तुम्ही मातीच भाजता, हे घरी अजून कुणाला नीट समजावता आलेलं नाही. भट्टीच्या दारावर लाल आकडा आहे: 612. मिनिटाला पाच अंश चढायचं, हजारावर दोन तास थांबायचं, मग सावकाश उतरायचं, हे तुम्ही तिला आधीच सांगून ठेवलं आहे. आता फक्त वाट पाहायची.

या विद्यापीठात सिरॅमिक्स हा विषय 1923 पासून शिकवला जातो. पिट्सबर्गच्या पोलादभट्ट्यांना आतून ज्या अग्निविटा लागत, त्यांची माती याच डोंगराळ भागातून निघे. रांचीत जन्मलेले रुस्तम रॉय यांनी 1948 साली इथूनच सिरॅमिक्समध्ये डॉक्टरेट मिळवली आणि 1962 साली इथेच पदार्थ-संशोधनाची नामांकित प्रयोगशाळा उभी केली. तेव्हा या खोलीत बसणारे तुम्ही पहिले भारतीय नाही, आणि माती शिकायला शाळेत जाणारे पहिले तर मुळीच नाही.

आकड्यावरची नजर काढा. दीडशे वर्षं मागे, दुसऱ्या एका शाळेत जायचं आहे. तिथे अंश दाखवणारं काहीही नाही, आणि तरी भट्टी नेमक्या वेळी थांबते.

डिसेंबर 1874. तुम्ही मुंबईत, बोरीबंदरला आगगाडीतून उतरता. घुमट आणि मनोरे शोधत मान वर करू नका. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या बांधकामाला हात लागायलाही अजून चार वर्षं आहेत. आत्ता इथे साधं स्टेशन आहे, बाहेर बैलगाड्या, शिगराम आणि कापसाच्या गाठी. किल्ल्याच्या भिंती पाडून दहा वर्षं झाली, तरी जुनी माणसं अजून ‘कोटाबाहेर’ असंच म्हणतात. मे महिन्यापासून रुळांवरून घोड्यांची ट्राम धावू लागली आहे. कुलाबा ते पायधुणी तीन आणे पडतात. तुम्हाला ट्रामची गरज नाही, अंतर चार पावलांचं आहे. उत्तरेला चालू लागा.

समोर क्रॉफर्ड मार्केट दिसतं. पाच वर्षांपूर्वी उघडलेल्या या मंडईच्या दारावर शेतकऱ्यांची आणि बाजारकरूंची दगडी शिल्पं आहेत. ती ज्यांनी केली त्यांचं घर तुमच्या डाव्या हाताच्या आवारात आहे. नाव जॉन लॉकवूड किपलिंग. हे गृहस्थ 1865 साली वास्तुशिल्प शिकवायला इथे आले, पण त्यांची उमेदवारी झाली ती इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात, बर्स्लेमच्या पिंडर, बोर्न अँड कंपनीत, म्हणजे थेट भांड्यांच्या कारखान्यात. त्यांचा मुलगा रुडयार्ड याच आवारात जन्मला. तो आता नऊ वर्षांचा होत आला आहे आणि इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी राहतो. किपलिंग स्वतःही येत्या वर्षी लाहोरच्या नव्या कलाशाळेत निघून जातील.

हे आवार सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचं. जमशेटजींनी 1853 साली एक लाख रुपये देऊ केले आणि 1857 च्या मार्चमध्ये शाळा सुरू झाली. तुमच्या ओळखीची दगडी कमानींची इमारत 1878 साली होईल. तोवर शाळेचं काम तात्पुरत्या छपरांखाली चालतं. आतून छिन्नीचा आवाज येतो, प्लास्टरच्या पुतळ्यांसमोर मुलं पाटी-कागद घेऊन बसली आहेत. तिकडे थांबू नका. ओल्या मातीचा आणि धुराचा वास जिकडून येतो तिकडे वळा.

इथे कुंभारकाम सुरू होऊन फार दिवस झालेले नाहीत. शाळेचे एक प्रमुख, जॉर्ज टेरी, यांनी 1873 च्या सुमारास सिंधमधून कुंभार आणवून ही शाखा उभी केली. मुंबईत कुंभारवाडा असताना, गावोगाव बलुतेदार कुंभार असताना सिंधपर्यंत जायची काय गरज, असं तुमच्या मनात येईल. कारण झिलई. मराठी मुलखातला कुंभार झिलईचं काम करत नव्हता, आणि त्यात कमीपणा मुळीच नव्हता. बिनझिलईच्या माठातून पाणी पाझरतं म्हणूनच ते गार राहतं. संक्रांतीची सुगडं दरवर्षी नवी लागतात, लग्नातले कलश नवे लागतात, सुतकानंतर घरातली मडकी फोडून टाकायची असतात. जे भांडं मोडण्यासाठीच घडतं त्याच्यावर काचेचा थर कशाला चढवायचा? पंढरपूरच्या वारीत ज्यांचं नाव निघतं ते तेरचे गोरोबाकाका थापटणं हातात घेऊन भट्टीपाशी उभे होते, झिलईच्या खलापाशी नव्हे.

सिंधमध्ये गोष्ट वेगळी होती. हाला, नसरपूर, ठट्टा इथे मशिदींच्या आणि दर्ग्यांच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशा चढत होत्या, आणि त्या करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या झिलई राखून होती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. कराचीहून आगबोटीनं माणूस मुंबईला येणं ही एका सरकारी कागदाची गोष्ट होती.

छपराखाली जा. डोळे अंधाराला सरावले की पहिल्यांदा चाक दिसेल, आणि ते तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल. आपल्या कुंभाराचं चाक जमिनीलगत असतं, जड, काठाच्या खाचेत दांडा अडकवून गरगर फिरवलेलं. एकदा वेग दिला की वेग आहे तोवर भांडं उठवायचं, मग पुन्हा दांडा. इथे मात्र सिंधहून आलेला उस्ताद खड्ड्याच्या काठावर बसला आहे. पाय खड्ड्यात. खाली एक मोठं चाक, वर एक लहान, मधे दांडी. पायानं खालचं चाक ढकलत राहायचं, दोन्ही हात कायम मातीवर मोकळे. वेग हवा तितका, हवा तेव्हा.

शेजारी कुंभारवाड्यातला एक म्हातारा उकिडवा बसला आहे. शाळेला माती पुरवायला येतो आणि पाहत बसतो.

“बाबा, हे चाक कसं वाटतं?” तुम्ही विचारता.

“बरं आहे की,” तो म्हणतो. “पण रांजण उठवून दाखव म्हणावं त्यावर.”

त्याचं खरं आहे. मोठा रांजण चाकावर पुरा होत नाही. आत दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्यानं ठोकत ठोकत तो वाढवावा लागतो, आणि ती कला त्याच्या हातात आहे. शाळेच्या अभ्यासक्रमात तिला जागा मिळालेली नाही. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत जास्त लागते. सिंधचं कसब आणलं हे उत्तम झालं, पण दारात बसलेल्या माणसाला विचारणारं कुणी नव्हतं. शाळेला शोभेचं भांडं हवं होतं. पाणी भरायचं भांडं शिकण्यासारखं आहे, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

उस्तादानं सुरई उतरवून ठेवली. ती दोन दिवस सावलीत वाळेल, मग तिच्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप चढेल, कारण मुंबईची माती भाजून तांबडी होते आणि तांबड्यावर रंग उठत नाहीत. लेप वाळला की खाका. एका कागदावर वेलबुट्टी काढून तिच्या रेषेरेषेवर सुईनं भोकं पाडलेली असतात. कागद भांड्याला लावायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटायची. कागद उचलला की पांढऱ्या लेपावर काळ्या ठिपक्यांची वेल उमटते. शाळेतला एक मुलगा, सोळा-सतरा वर्षांचा, ठिपक्यांवरून कुंचला फिरवतो आहे. त्याला तुमच्याकडे बघायला सवड नाही. कच्च्या लेपावर रेघ एकदाच ओढता येते. लेप रंग पिऊन टाकतो, पुसायची सोय नाही.

आता झिलईकडे या, आणि नाकातोंडावर रुमाल धरा. इथे कुणी धरलेला नाही. दगडी जात्यावर गारगोटी, सज्जीखार आणि मुरदाडशिंग दळलं जात आहे. मुरदाडशिंग म्हणजे शिशाची भस्मवजा पूड. जातं ओढणाऱ्या पोराच्या भुवयांवर ती बसली आहे. स्टेट कॉलेजात शिशाच्या बाटलीला हात लावायच्या आधी तुम्हाला सही करावी लागते, मोजे-मुखपट्टी घालावी लागते. या पोराच्या पोटात कळा येतील तेव्हा वैद्य त्याला पचनाचं औषध देईल. जगभरच्या कुंभारांनी या तेजासाठी हाडांनी किंमत मोजली आहे, बर्स्लेममध्येही मोजली. संग्रहालयातल्या काचेआडून ती सुंदर भांडी पाहताना हे आठवायला हवं.

तांब्याचा कीस भाजून केलेली काळी पूड उस्ताद दोन वाडग्यांत टाकतो. एका वाडग्यात सज्जीखाराची झिलई आहे, दुसऱ्यात शिशाची. तो तुम्हाला बोटानं दाखवतो: “ये फिरोजा. ये हरा.” आत्ता दोन्ही वाडग्यांत सारखंच करडं पाणी आहे. भट्टीतून निघताना पहिलं आकाशी-निळं होईल आणि दुसरं पानासारखं हिरवं. तांबं तेच. भोवतालचं काचद्रव्य बदललं की त्याच तांब्याच्या अणूंभोवतीची शेजाराची मांडणी बदलते आणि ते प्रकाशातला वेगळा भाग शोषतात. धातूंचे रंग काचेत असे का पालटतात, याची सविस्तर मांडणी ‘कलर्ड ग्लासेस’ या ग्रंथात 1951 साली आली. लेखक वोल्डेमार वाइल, जर्मनीहून येऊन स्टेट कॉलेजात स्थिरावलेले प्राध्यापक. तुम्ही त्यांच्याच विभागात शिकता. उस्तादानं त्या ग्रंथातलं पहिलं पानही वाचलेलं नाही, आणि दोन वाडग्यांची गल्लत त्याच्याकडून कधी होत नाही.

याचा अर्थ ग्रंथ फुकट असा काढू नका. उस्तादाला दोन झिलया येतात, तिसरी हवी असेल तर त्याच्याकडे चुकत माकत शोधण्यावाचून उपाय नाही. वाइल वाचलेल्या माणसाला तिसरी, चौथी, दहावी कुठे सापडेल याची दिशा कळते. दोघांची गाठ पडायला हवी होती. या शाळेचं खरं काम तेच होतं.

भट्टी लागते ती पहाटे. बाभळीची लाकडं आधी दूर, तोंडाशी, धग नुसती जाणवेल इतकी. पहिला धूर ओला असतो. मातीतलं पाणी निघून जातं. दुपारपर्यंत भट्टी काळी-लाल, मग विस्तवासारखी लाल. साधारण साडेपाचशे अंशांवर मातीच्या कणांच्या आत बांधलेलं पाणीही सुटतं आणि त्यानंतर ती कितीही भिजवली तरी पुन्हा चिखल होत नाही. तुमच्या स्टेट कॉलेजातल्या भट्टीत नेमकं हेच चालू होतं, तुम्ही निघालात तेव्हा. पुढे हजाराच्या अलीकडे, 980 अंशांच्या आसपास, मातीची घडी आतून मोडते आणि नव्यानं बसते. आणखी तापवलं की म्युलाइट नावाचे सुईसारखे स्फटिक उगवू लागतात. शुद्ध चिनी मातीतली ही पायरीपायरीची वाट जॉर्ज ब्रिंडली आणि नाकाहिरा यांनी क्ष-किरणांनी तपासून 1959 साली पेन स्टेटमधून प्रसिद्ध केली. आजही तो निबंध तुम्हाला वाचायला लावतात.

उस्ताद भिंतीतल्या भोकाशी डोळा लावतो. तुम्हालाही जागा देतो. आत नारिंगी प्रकाश आहे, भांड्यांच्या कडा त्यात विरघळलेल्या. सुरुवातीला काहीच वेगळं दिसत नाही. मग लक्षात येतं की भांड्यांचं अंग कोरडं होतं ते आता ओलं दिसतं आहे, ज्वाळा त्यांच्यावर उलटी नाचते आहे. झिलई वितळली. तो लोखंडी सळई आत घालून काठाशी ठेवलेला एक लहान तुकडा बाहेर ओढतो, पाण्यात टाकतो, चुर्रर्र आवाज होतो, तो तुकडा नखानं खरवडून उजेडात धरतो. मान हलवतो. “बस.” लाकूड बंद, तोंड चिखलानं लिंपलं.

आता दोन दिवस कुणी हात लावायचा नाही. टेरीसाहेबांनी विचारलं तरी नाही. घाईनं उघडली तर थंड वारा लागून झिलई तडकते, कधी सबंध भांडंच उभं चिरतं. शाळेच्या वेळापत्रकाला भट्टीनं शिकवलेला हा पहिला धडा असावा.

तेवढ्या वेळात मुलांच्या वह्या चाळा. पानापानावर हंस, कमळं, मकर, फळांनी लगडलेल्या डहाळ्या. ही वेलबुट्टी सिंधची नाही. शाळेतले चित्रकलेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स 1872 च्या हिवाळ्यापासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले आहेत. थंडीचे महिने लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला करायच्या, उन्हाळ्याआधी परत यायचं. हे काम 1885 पर्यंत चालेल. त्याआधी रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्सच्या चित्रांपैकीही बरीच 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळतील. कापडावरचा अजिंठा दोनदा आगीत नष्ट झाला. आणि इथे त्याच अजिंठ्याच्या छतावरची फुलं एक मराठी पोरगा मातीवर काढून मुद्दाम आगीत घालतो आहे, आणि ती टिकतात. आज ती भांडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, भायखळ्यालाही आहेत.

सिंधचं अंग आणि अजिंठ्याचं नक्षीकाम हा मेळ काही जाणत्यांना तेव्हाही रुचला नसेल. शुद्धतेचा आग्रह धरणारे म्हणतील, नसरपूरच्या सुरईवर वाकाटकांच्या काळातलं कमळ कशाला? माझं मत वेगळं आहे. हे कमळ विलायतेहून आलेल्या नमुन्याच्या वहीतून उचललेलं नाही. ते काढणारा मुलगा कदाचित स्वतः लेण्यात मशालीच्या उजेडात बसून आला आहे. कारागीर जेव्हा चालत जाऊन, डोळ्यांनी पाहून आणतो, तेव्हा मेळ बसायला पिढी लागली तरी चालते. दुर्दैवानं एवढा वेळ या भांड्यांना मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडते. पहिल्या दोन ओळी वाया गेल्या आहेत, झिलई ओघळून बूड फरशीला चिकटलं आहे. मधली रास चांगली निघाली. मधासारखा पिवळा, तपकिरी, गर्द निळा आणि तो पानाचा हिरवा. मुलं बुडाची चिकट धार कानशीनं घासू लागतात. उस्ताद फुटकी भांडी एका बाजूला काढतो, त्यांतलं एक उचलून म्हाताऱ्याला देतो. म्हातारा ते उलटं करून झिलई चाटून बघतो. ती जिभेला ओढत नाही. “पक्कं आहे,” तो कबूल करतो.

आता भराभर पुढे चला. टेरी यांच्या नावाशी ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ हे नाव जोडलं गेलं. 1878 पासून बोरीबंदरच्या नव्या स्टेशनाचं काम चाललं तेव्हा शाळेचे विद्यार्थी त्याच्या सजावटीवर खपले. दगडातली ती पानंफुलं आणि माकडं तुम्ही लोकल पकडताना रोज पाहिली आहेत. 1891 साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं शाळेत कारागिरीच्या कार्यशाळा निघाल्या. आणि 1910 साली, सेसिल बर्न्स प्राचार्य असताना, गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या नावाची प्रयोगशाळा उभी राहिली. हस्तकलांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्यासाठी ती होती आणि अभ्यासाला घेतलेली पहिली कला होती कुंभारकाम.

इथे क्षणभर उभे राहा, कारण जे हवं होतं ते इथे होऊ घातलं होतं. स्टेट कॉलेजात हा विषय सुरू व्हायच्या तेरा वर्षं आधी मुंबईच्या एका कलाशाळेत माती तोलायला तराजू आला, चाक आणि मूस एका छपराखाली आली. पुढे दोन्ही वाटा पांगल्या. मातीचं शास्त्र इंजिनिअरांकडे आणि संशोधनसंस्थांकडे गेलं, मातीची कला चित्र-शिल्पवाल्यांकडे राहिली, आणि रांजण ठोकून वाढवणारा म्हातारा दोन्ही दारांबाहेर. इंजिनिअर चाकावर बसत नाही, कलावंताला झिलईचं रसायन दुकानातून डब्यात मिळतं. आजही महाराष्ट्रात माती शिकायची म्हटली तर या तिघांकडे वेगवेगळं जावं लागतं.

शेवटचा थांबा भायखळा, आजची तारीख. राणीच्या बागेशेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, 1872 साली उघडलेलं. म्हणजे तुम्ही बोरीबंदरला उतरलात तेव्हाही ते इथेच होतं. कपाटात मुंबई कलाशाळेची भांडी आहेत. टेरींचं नाव तुम्हाला वाचायला मिळेल, शाळेचंही. पायानं चाक ढकलणाऱ्याला तुम्ही पाहिलं आहे, जातं ओढणाऱ्याला पाहिलं आहे, कमळ काढणाऱ्याला पाहिलं आहे. शाळेच्या सहलीला आलेली एक मुलगी तुमच्या शेजारी काचेला नाक लावून उभी आहे आणि बाईंना विचारते आहे की हा हिरवा रंग कसला. बाई पुढच्या दालनात गेल्या आहेत. तुम्ही सांगा तिला, सगळं सांगा, वेळ आहे. सुरुवात तांब्यापासून करा.